किड ओरी ऐकायचा तर उलट्या क्रमाने

जुन्या न्यू ऑर्लीन्स वळणाचं जॅझ ऐकायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: कॉर्नेट आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह' या बँडपासून सुरुवात करा. सल्ला चुकीचा नाही. पण ज्याला ट्रॉम्बोन ऐकायचा आहे त्याची त्यात गैरसोय होते. १९२५-२६ मधल्या त्या तबकड्या मायक्रोफोन येण्याआधीच्या. वादक भोंग्यासमोर बसायचे आणि भोंगा जे पकडेल तेच मेणावर उमटायचं. कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) लख्ख उमटला, क्लॅरिनेटही बऱ्यापैकी. त्यांच्या खालून जो माणूस सगळा वेळ वाजवत होता, तो मात्र धूसर राहिला.

तो माणूस म्हणजे ट्रॉम्बोनवादक एडवर्ड 'किड' ओरी. ऐन उमेदीत धड रेकॉर्ड न झालेला हा वादक सत्तरीच्या उंबरठ्यावर चांगल्या स्टुडिओत पुन्हा वाजवायला बसला, आणि तोवर त्याचं वाजवणं फारसं बदललेलं नव्हतं. म्हणून इथे क्रम उलटा सुचवतो आहे. आधी १९५०चं दशक, मग १९४४-४५ आणि अगदी शेवटी १९२०चं दशक. जॅझचा इतिहास शिकायचा असेल तर हा क्रम निरुपयोगी आहे. कान तयार करायचा असेल तर याहून सोपी वाट मला माहीत नाही.

१. त्याचे दोन डाव

ओरीचा जन्म २५ डिसेंबर १८८६ चा, लुइझियानात लाप्लासजवळच्या वुडलँड मळ्यावरचा. १८११ मधला गुलामांचा मोठा उठाव याच मळ्यावरून सुरू झाला होता. घरात फ्रेंच वळणाची क्रिओल बोली. १९१० च्या सुमारास तो न्यू ऑर्लीन्सला आला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या बँडमधून किंग ऑलिव्हर, जॉनी डॉड्स, जिमी नून, सिडनी बेशे आणि विशीही न गाठलेला आर्मस्ट्राँग अशी माणसं वाजवून गेली. १९१९ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला, १९२५ मध्ये शिकागोला. तिथे 'हॉट फाइव्ह', जेली रोल मॉर्टनचे 'रेड हॉट पेपर्स' आणि ऑलिव्हरचा बँड, असं तिन्हीकडे त्याने वाजवलं. 'मस्क्रॅट रँबल' ही प्रसिद्ध रचना त्याच्याच नावावर आहे. (आर्मस्ट्राँगने पुढे तीही आपलीच म्हणून सांगितलं. त्या वादात नवख्याने पडू नये.)

मग मंदी आली, लोकांची आवड बदलली आणि १९३३ च्या सुमारास ओरीने वाद्य बाजूला ठेवलं. लॉस एंजेलिसला भावाबरोबर कोंबड्या पाळल्या, मिळेल ती कामं केली. दुसरा डाव सुरू झाला तो १९४० च्या दशकात. १९४४ मध्ये तो ५७ वर्षांचा होता आणि तिथून जवळजवळ वीस वर्षं त्याने सहा-सात जणांचा बँड चालवला. १९६६ मध्ये तो हवाईला जाऊन राहिला. २३ जानेवारी १९७३ रोजी होनोलुलूत गेला.

आपल्याला हा दुसरा डाव ऐकायचा आहे.

२. वाद्याची माहिती, कामापुरती

ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारखे खटके नसतात. साधारण २.७ मीटर लांबीची वळवलेली नळी, तिचा एक भाग आत-बाहेर सरकतो. या सरकपट्टीच्या, म्हणजे स्लाइडच्या, सात जागा असतात आणि प्रत्येक जागा आधीच्या जागेपेक्षा अर्धा स्वर खाली. बाकीचे स्वर ओठांच्या ताणावर निघतात.

या रचनेमुळे ट्रॉम्बोनला मींड फुकटात मिळते, पण मर्यादित मिळते. एका श्वासात, ओठ न बदलता, स्लाइड पूर्ण बाहेरून पूर्ण आत ओढली तर सहा अर्धस्वरांचं अंतर कापता येतं. सा पासून तीव्र मध्यमापर्यंत, बस. त्यापुढची मींड हवी असेल तर वादकाला ओठांनी चकवा द्यावा लागतो. ओरीच्या लांबलचक मींडा ऐकताना हे लक्षात ठेवा. त्या नेमक्या कुठून सुरू करायच्या याचा हिशेब त्याच्या हातात पक्का बसलेला आहे. गबाळेपणाने ओढल्यासारख्या वाटतात, पण पोचायचं तिथेच पोचतात.

या शैलीला 'टेलगेट' म्हणतात. जुन्या न्यू ऑर्लीन्समध्ये नाचाच्या जाहिरातीसाठी बँड घोडागाडीत बसून गल्लोगल्ली फिरायचा. स्लाइड बाहेर काढली की पुढच्याच्या पाठीत लागणार, म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीपाशी बसवायचे. ती फळी म्हणजे टेलगेट.

३. पहिली रेकॉर्ड निवडा आणि मोबाइलचा स्पीकर बंद करा

लॉस एंजेलिसला लेस्टर कोनिग नावाच्या माणसाने १९४९ मध्ये 'गुड टाइम जॅझ' ही कंपनी काढली. याच कंपनीने १९५० च्या दशकात ओरीच्या 'क्रिओल जॅझ बँड'ची अनेक रेकॉर्डिंग्ज केली. (या कंपनीचा सुरुवातीचा गाजलेला बँड 'फायरहाउस फाइव्ह प्लस टू' हा डिस्नेच्या स्टुडिओतल्या चित्रकारांचा होता, ओरीबरोबर वाजवणारा क्लॅरिनेटवादक जॉर्ज प्रोबर्ट पुढे त्यात गेला.) सुरुवातीला यातलीच एखादी रेकॉर्ड घ्या: १९५४ किंवा १९५५ चं वर्ष नावात असलेली, किंवा 'द लेजंडरी किड', किंवा १९५६ मधली 'फेव्हरिट्स!'.

या काळात ट्रम्पेटवर न्यू ऑर्लीन्सचा अल्विन अल्कॉर्न आहे. माझ्या मते सुरुवात इथून करायचं अर्धं कारण तोच. अल्कॉर्न ओरडत नाही. तो धून साधी ठेवतो, दोन वाक्यांमध्ये जागा सोडतो, आणि त्या जागेत ओरी काय करतो ते स्वच्छ ऐकू येतं. आधीच्या-नंतरच्या काही ट्रम्पेटवाल्यांनी ही जागाच ठेवली नाही. पियानोवर सुरुवातीला डॉन युएल आहे, ड्रमवर मायनर हॉल, बेसवर आधी एड गार्लंड आणि १९५५-५६ मध्ये वेलमन ब्रॉड. हा ब्रॉड म्हणजे १९२० च्या दशकाच्या शेवटी ड्यूक एलिंग्टनकडे वाजवणारा तोच.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. ट्रॉम्बोनचं बरंचसं काम खालच्या पट्टीत चालतं आणि तो छोटा स्पीकर नेमका तोच भाग गाळतो. साधे वायरवाले हेडफोनही चालतील. यातली बहुतेक रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत, म्हणजे डाव्या कानात एक वाद्य आणि उजव्यात दुसरं अशी सोय नाही. वेगळं काढायचं काम कानानेच करायचं.

४. एकच चीज चार वेळा ऐका

मध्यम लयीची एखादी चीज घ्या, फार जलद नको. ओरीच्या बँडची मूळ प्रवृत्तीच सावकाश आहे. त्यांची लय नाचणाऱ्याच्या पायाला सोसेल अशी असते.

पहिल्यांदा फक्त मात्रा मोजा. चार मात्रांचा एक बार. ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा एक बाज) असेल तर बहुधा बारा बारचं आवर्तन, गाण्याची चाल असेल तर पुष्कळदा बत्तीस बारचं, जुना रॅग (जॅझच्या आधीचा, मुख्यतः पियानोवरचा प्रकार) किंवा मार्च असेल तर सोळा-सोळा बारचे वेगवेगळे भाग. आवर्तन कुठे संपतं आणि सम कुठे येते, एवढं हाताला कळलं की पुरे. ताल धरायची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला इथे फार त्रास होत नाही असा अनुभव आहे.

दुसऱ्यांदा ट्रम्पेटबरोबर धून गुणगुणा. ट्रम्पेट धून सांगतो, क्लॅरिनेट तिच्या वरून नक्षी काढत फिरतो, ट्रॉम्बोन खालून. तिघेही एकाच वेळी, कागदाशिवाय. पहिल्या ऐकण्यात हा गोंगाट वाटला तर घाबरू नका. आणि हा बाज आपल्या कानाला अगदीच परका नाही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक चित्रपटांच्या स्टुडिओतही वाजवत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक अँटोनियो झेव्हियर वाझ हा गोव्यातल्या आल्दोन्याचा, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) त्याचा ट्रम्पेट आहे. ती गाणी ज्यांच्या कानात बसली आहेत त्यांना ट्रम्पेटचा हा तोरा ओळखीचा वाटेल.

तिसऱ्यांदा ट्रम्पेट सोडा आणि फक्त खाली लक्ष द्या. इथे थोडा वेळ काढायला हवा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

ओरी सगळा वेळ वाजवतो, पण सगळा वेळ तेच वाजवत नाही. ट्रम्पेट बोलत असतो तेव्हा तो बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जाडसर, आखूड स्वर ठेवतो. हा बेसचाच उद्योग आहे, आणि त्याला तसं कारण आहे: मूळच्या 'हॉट फाइव्ह'मध्ये ना बेस होता, ना ड्रम. खालचा भार पियानो, बँजो आणि ट्रॉम्बोनवरच. १९५० च्या दशकात मागे बेस आणि ड्रम दोन्ही आले, तरी ओरीची ती सवय गेली नाही.

ट्रम्पेटची ओळ संपून तो श्वास घेतो, तेव्हा ओरी वर येतो. गवय्या थांबला की पेटीवाला ओळीचं शेपूट उचलून धरतो, तसं दोन-चार स्वरांचं उत्तर देऊन पुन्हा खाली जातो. हे उत्तर फार हुशारीचं नसतं. बऱ्याचदा तेच ते असतं. पण ते कधी द्यायचं याबाबतीत त्याचा हात धरणारा मला तरी या शैलीत दुसरा दिसत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती मींड. एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधीच्या शेवटच्या बारमध्ये ओरी खालून स्लाइड ओढायला लागतो आणि नव्या भागाच्या समेवर येऊन आदळतो. सगळा बँड त्या ओढीवर पुढच्या भागात शिरतो. एकदा हे कानात बसलं की तुम्ही मींडेवरूनच सांगू शकाल, आता आवर्तन पालटणार.

चौथ्यांदा चीज पुन्हा सरळ, काहीही न मोजता ऐका. शेवटच्या एक-दोन आवर्तनांत सगळे मिळून वाजवतात तिथे लक्ष ठेवा. कित्येक बँड इथे आवाज चढवत नेतात. ओरीचा बँड कधीकधी उलट करतो: मध्येच एखादं आवर्तन अगदी दबक्या आवाजात घेतो, आणि मग सोडतो. दबक्या आवर्तनात मायनर हॉलचा स्नेअर ड्रम ऐकण्यासारखा असतो.

सोलोंबद्दल मुद्दामच काही सांगितलं नाही. ओरीचे सोलो साधे असतात. धून थोडी वाकवून सांगितलेली, फारशी फिरत नाही. फक्त सोलो ऐकून त्याला जोखलं तर तो सामान्य वाटेल, आणि पुष्कळांना तो तसाच वाटत आला आहे.

५. अ‍ॅपवरच्या तारखांवर विसंबू नका

स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ओरीच्या नावाने ढीगभर संच सापडतात. त्यात जुनं-नवं मिसळलेलं असतं, आणि लिहिलेलं वर्ष बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाचं असतं. काळ ओळखायची सोपी खूण म्हणजे ट्रम्पेटवाला कोण ते पाहणं. मट केरी असेल तर १९४४ ते १९४७. टेडी बकनर असेल तर बहुधा १९४९ ते १९५४ (तो पुढेही क्वचित भेटतो). अल्कॉर्न असेल तर १९५४ ते १९५६. हेन्री 'रेड' अ‍ॅलन असेल तर १९५० च्या दशकाचा शेवट. वादकांची नावंच दिलेली नसतील तर तो संच सध्या बाजूला ठेवा.

६. आता दहा वर्षं मागे: १९४४-४५

या टप्प्यावर 'टेलगेट!' हा संच घ्या. त्यातली मुद्रणं मुळात 'क्रेसंट' नावाच्या चिमुकल्या कंपनीची. तुर्की राजदूताचा मुलगा नेसुही एर्तेगुन याने ती ओरीच्या बँडचं ध्वनिमुद्रण करण्यासाठीच काढली होती. त्याचा धाकटा भाऊ अहमत याने पुढे 'अ‍ॅटलांटिक' ही रेकॉर्ड कंपनी उभी केली.

बँड परत जमला त्याला कारण झाला सिनेदिग्दर्शक ऑर्सन वेल्स. १९४४ च्या वसंतात त्याच्या रेडिओ कार्यक्रमासाठी न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या वादकांना एकत्र आणलं गेलं: मट केरी, ओरी, बड स्कॉट, एड गार्लंड, बस्टर विल्सन, झटी सिंगलटन, आणि क्लॅरिनेटवर जिमी नून. कार्यक्रम चांगला चालला होता. १९ एप्रिलला, नेमका प्रक्षेपणाच्या दिवशी, नून वारला. त्या संध्याकाळी बँडने त्याच्यासाठी एक ब्लूज वाजवला. तोच पुढे 'ब्लूज फॉर जिमी' म्हणून क्रेसंटसाठी मुद्रित झाला आणि 'टेलगेट!'मध्ये आहे. आधी तो ऐका.

फरक लगेच कळेल. मट केरी अल्कॉर्नइतका सफाईदार नाही, त्याचा आवाज जरा कोरडा आहे. पण त्याच्यात आणि ओरीत तीसेक वर्षांची ओळख आहे आणि दोघे एकमेकांची वाक्यं पुरी करतात. क्लॅरिनेटवर कुठे ऑमर सिमियन आहे, कुठे डार्नेल हॉवर्ड. मला स्वतःला सिमियन असलेली मुद्रणं अधिक आवडतात. नंतर 'क्रिओल साँग' घ्या. त्यात ओरी आपल्या घरच्या बोलीत गातो. 'मेपल लीफ रॅग' हा मुळात पियानोचा तुकडा. तो बँडवर कसा वाटून दिला आहे ते पाहा.

एक संदर्भ लक्षात असावा. नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने 'को-को' रेकॉर्ड केलं. म्हणजे बीबॉप हे जॅझचं नवं वळण आणि हे जुनं न्यू ऑर्लीन्स वळण एकाच वर्षात तबकड्यांवर येत होतं, आणि दोन्हीकडचे चाहते एकमेकांना शिव्या देत होते. आज दोन्ही ऐकायला हरकत नाही.

७. एकच रचना, तीन वेळा

'ओरीज क्रिओल ट्रॉम्बोन' ही त्याची खास रचना. तिच्यात मधूनमधून सगळे थांबतात आणि ट्रॉम्बोन एकटा तुकडा भरतो. याला ब्रेक म्हणतात. तीन मुद्रणं शोधा आणि मागे मागे जा. आधी क्रेसंटवालं, मग 'हॉट फाइव्ह'चं १९२७ मधलं, मग लॉस एंजेलिसचं १९२२ मधलं. न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीय जॅझ बँडची सर्वांत आधीची रेकॉर्डिंग्ज मानली जातात त्यातलं हे १९२२ चं मुद्रण एक. केरी आणि गार्लंड १९२२ मध्येही ओरीबरोबर होते.

१९२२ ची तबकडी थेट लावली असती तर खरखरीपलीकडे फारसं हाती लागलं नसतं. आता ब्रेक कुठे येणार हे ठाऊक असतं, ओरीची ओढ ठाऊक असते, आणि कान उरलेलं स्वतःच भरून घेतो. १९२७ च्या मुद्रणात आर्मस्ट्राँग इतका पुढे गेलेला आहे की ओरी त्याच्याशेजारी जुनाट वाटतो. तसं वाटू द्या. त्यानंतर 'मस्क्रॅट रँबल'चं फेब्रुवारी १९२६ मधलं मूळ मुद्रण ऐकायला हरकत नाही.

८. तुलनेसाठी न्यूपोर्ट

४ जुलै १९५७ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात रेड अ‍ॅलनच्या बँडबरोबर ओरी आणि जॅक टीगार्डन दोघेही व्यासपीठावर आले. 'व्हर्व्ह' कंपनीने त्याची रेकॉर्ड काढली. अ‍ॅलनच्या बँडचा स्वतःचा ट्रॉम्बोनवादक जे. सी. हिगिनबॉथम, म्हणजे तीन ट्रॉम्बोनवाले एकाच रेकॉर्डवर. टीगार्डन स्लाइड फार लांब नेतच नाही. शरीराजवळच्या जागांवर राहून बरंचसं काम ओठांवर करतो, म्हणून त्याचं वाजवणं बोलल्यासारखं गुळगुळीत. हा टीगार्डन १९५८-५९ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या आशिया दौऱ्यात भारतातही आला होता. हिगिनबॉथम दणकट, मोठ्या आवाजाचा. तिघांत ओरी कोणता हे नावं न बघता ओळखता आलं तर पुढच्या वाचनाची गरज नाही.

'व्हर्व्ह'साठी ओरीने १९५७ पासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आणखीही बऱ्याच रेकॉर्ड केल्या. ब्लूज रचणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडीच्या रचनांची १९५९ मधली त्यातली जरूर घ्यावी, कारण ब्लूज सावकाश आहेत आणि ओरीला सावकाश ब्लूज नेहमी मानवतात. नाचासाठी म्हणून काढलेल्या, लोकप्रिय गाण्यांच्या रेकॉर्ड नवख्याने सोडून दिल्या तरी चालतील. त्यात बँडचा कंटाळा ऐकू येतो. त्याऐवजी क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुईसच्या बँडमधला ट्रॉम्बोनवादक जिम रॉबिन्सन ऐका. तोही टेलगेट वळणाचा, पण ओरीपेक्षा रांगडा आणि न्यू ऑर्लीन्समध्येच राहिलेला.